मायलेकींची हाडं

रिंकीचे पाय लहानपणापासून धनुकलीसारखे वाकलेले. सालेकशाजवळच्या त्यांच्या गावात त्याचं कोणाला नवल नव्हतं. पण विशीत आल्यावर तिच्या मांड्या ठणकू लागल्या, जमिनीवरून उठायला भिंत धरावी लागली. गावातल्या गोळ्या-इंजेक्शनांनी फरक पडेना, तेव्हा तिची आई सुखवंता तिला घेऊन गोंदियाला गेली.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. मांडीच्या हाडाला बारीक भेग होती, न पडता आलेली. रक्त-लघवीचा रिपोर्ट आल्यावर त्या म्हणाल्या, "हा मुडदूस आहे. पण खाण्यापिण्याच्या कमतरतेमुळे झालेला नाही. अंगातला फॉस्फरस लघवीवाटे निघून जातो, म्हणून हाडं कच्ची राहतात. जन्मापासूनच."

रिंकीनं मान हलवली. तिला वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही.

"घरात आणखी कोणाला आहे?"

"नाही जी," सुखवंता म्हणाली. "हिचा भाऊ तं चांगला उंचपुरा आहे."

बाई तिच्याकडेच बघत होत्या. "मावशी, लुगडं जरा वर घ्या."

सुखवंताचेही पाय तसेच वाकलेले होते.

"धानाच्या रोवण्यात वाकून वाकून झाले ते," ती घाईनं म्हणाली.

"दुखतात?"

"कोनाचे नाही दुखत?"

तिचंही रक्त तपासलं. तेच निघालं.

परतीच्या गाडीत सुखवंता खिडकीशी बसली. मग म्हणाली, "म्हंजे माह्याकडूनच आलं तुले."

तसं नाही म्हणावं असं रिंकीला वाटलं. पण ते तसंच होतं.

"हो," ती म्हणाली.

औषध म्हणजे पाण्यात विरघळवायची पावडर, दिवसातून कितीदा तरी, आणि सोबत गोळी. सुरुवातीला पोट बिघडलं. हळूहळू भेग भरली, रिंकी भिंत न धरता उठू लागली. पाय सरळ व्हायला मात्र ऑपरेशन लागणार होतं. "पाहू," एवढंच ती म्हणाली.

सुखवंता औषध टाळायची. "आता मले कायले?" रिंकी ग्लास पुढे करायची आणि रिकामा होईपर्यंत उभी राहायची.

धान कापणीच्या दिवसांत एका सकाळी सुखवंता अंगणात थांबली. "पाय नाही दुखून राहिले," ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता. मग तिनं विचारलं, "मंग इतके साल काऊन दुखले?"

रिंकीनं ग्लास विसळून पालथे घातले. सुखवंतानं विळा उचलला आणि दोघी धानाच्या बांधीकडे निघाल्या.