गुलाबी स्पंज आणि मानाचा फेटा

माणसाची सगळी संस्कृती डोक्यावर उभी आहे. राजांच्या डोक्यावर मुकुट आले तेव्हा राज्ये आली, पुढाऱ्यांच्या डोक्यावर टोप्या आल्या तेव्हा लोकशाही आली, आणि आखाडा बाळापुरातल्या करुणाच्या पार्लरमध्ये भिकाबाईंच्या डोक्यावर स्पंजचे गुलाबी रोलर आले तेव्हा त्या आरशात बघून म्हणाल्या, "करुणे, कढई घासायला झकास हाये की गं हे."

"मावशी, हात लावू नका!"

"लावला कुठं? दाबून पाहिलं."

करुणाने त्यांचा हात धरून परत मांडीवर ठेवला. भिकाबाईंनी तो तिथे ठेवला खरा, पण पाहुण्याच्या घरी ठेवतात तसा, अवघडून.

भिकाबाईंनी गावच्या शाळेत खिचडी शिजवण्यात जन्म घालवला होता. खिचडीत मीठ जास्त झालं तर लोक माफ करतात, कमी झालं तरी करतात. केस निघाला तर मात्र चौकशी लागते. म्हणून सकाळी स्वयंपाकाच्या शेडमध्ये पाऊल टाकण्याआधी त्या डोक्याला फडकं आवळायच्या, ते घरी जाऊनच सुटायचं. मावशींना केस आहेत की नाहीत, यावरून पोरांमध्ये कायम दोन पक्ष होते. दोन्ही पक्षांकडे पुरावा नव्हता.

आज त्यांचा शाळेत निरोप समारंभ होता. चार दिवसांआधी त्या पार्लरचं दार लोटून, औषध मागायला यावं तशा आवाजात म्हणाल्या होत्या, "मला कुरळं करून दे. एकडाव लोकाला दिसू दे, मला बी केस हायेत."

करुणाला हसू आलं नव्हतं. तिची आई दिवस उगवायच्या आत शेतावर जायची. करुणा शाळेत यायची ती उपाशी आणि विस्कटलेली. यातलं पहिलं भिकाबाई पातेल्याच्या तळाची खरवड राखून निस्तरायच्या. दुसरं शाळेमागच्या कडुलिंबाखाली, शेडपासून चांगलं लांब, तिची वेणी घालून. करुणाच्या धंद्याचं शिक्षण तिथेच सुरू झालं होतं. भिकाबाईंना वाटायचं, आपण पोरीच्या उवा बघतोय.

"मशीननं करत न्हाईस व्हय? त्या दिपाचं केलं, दोन मिनटात झालं."

"दिपाचे केस काथ्यासारखे हायेत, मावशी. तुमचे लई बारीक. मशीननं जळून जातील. हे असे थोडे ओलसर घ्यायचे, टोकापासून गुंडाळायचे आन् आपोआप वाळू द्यायचे. पुरते वाळल्याबिगर सोडायचे न्हाईत."

"म्हंजे खिचडीवानीच. झाकण काढायचं न्हाई."

"बराबर!"

झाकण काढायचं नाही, हे ठरलं. पण बारीक केसांची वळणं वारा लागला की मोडतात, म्हणून रोलर शाळेतच सोडायचे, हेही ठरलं. भिकाबाई डोक्यावरून पदर घेऊन करुणासोबत ऑटोत बसल्या. पदराखाली डोकं दुप्पट झालं होतं. बाजारातून जाताना दोघातिघांनी विचारपूस केली.

"मावशी, लागलं काय डोक्याला?"

"व्हय. तकलीफ हाये थोडी," भिकाबाई म्हणाल्या, आणि पुढे बघत बसल्या.

शाळेत पोचल्यावर करुणा शेडकडे वळली. आत आडोसा होता, खुर्ची होती. भिकाबाई दारातच थांबल्या.

"शेडात केस सोडायचे न्हाईत."

"अवो, आजपासून तुमी तिथं न्हाई ना!"

"शेड तर हाये."

मग दोघी लिंबाखाली गेल्या. यावेळी भिकाबाई खाली बसल्या आणि करुणा मागे उभी राहिली. एकेक रोलर सुटत गेला, केसांच्या बटा उसळून वर बसत गेल्या. करुणाने कंगवा लावला नाही, नुसती बोटं फिरवली.  तेवढ्यात माईकवर भिकाबाईंचं नाव पुकारलं गेलं, आणि मागचं सगळं घाईत आटोपलं.

भिकाबाई मंचावर चढल्या. पदर खांद्यावर होता. पहिल्या रांगेतल्या पोरांनी माना वर केल्या. दोन्ही पक्षांचा निकाल आता लागणारच होता. इतक्यात मुख्याध्यापक रत्नपाल सर उत्साहाने म्हणाले, "आणि आता मावशींना मानाचा फेटा!"

करुणा दुसऱ्या रांगेत "अगं आई" म्हणून खाली बसली.

दगडोबा फेटा बांधण्यात वस्ताद. नवरदेव हलतात, पुढारी फोनवर बोलतात, तरी त्याचा फेटा सुटत नाही. त्याने भगव्या कापडाचे फेरे टाकले, आवळले, पुन्हा आवळले, मग थबकला.

"मावशी, मागून लई उंचसखल डोकं हाये तुमचं."

"जल्माचं हाये. बांध तू."

मान होता, नाही म्हणता येत नाही. फेट्याखाली भिकाबाई बसून राहिल्या. भाषणं झाली. सरपंच पोषणावर बोलायला उठले आणि स्वतःच्या बालपणावर बोलून बसले. करुणाने मान वर केली नाही. शेवटी सरांनी भिकाबाईंच्या हाती माईक दिला.

"मला भाषण येत न्हाई," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं तुमच्या लेकराच्या ताटात माझा केस गेला न्हाई, एवढंच माझं काम. ते केस आज या करुणानं सकाळधरनं खपून कुरळे केले. ती ल्हान व्हती तवा मी तिची येणी घालायची. तिनं आज माझं केलं. कुणाचं लेकरू असं करतं सांगा? आन् तुमी वरून फेटा घातला. त्यो बी मानच. पण पोरीची मेहनत झाकून चालायचं न्हाई."

त्यांनी फेटा दोन्ही हातांनी जसाच्या तसा उचलला, कपाळाला लावला आणि टेबलावर ठेवला.

एका बाजूचे कुरळे केस चपटले होते. दुसऱ्या बाजूचे घाबरल्यासारखे उभे होते.  मग पहिल्या रांगेतून एक आवाज फुटला, "हायेत! मावशीला केस हायेत!"

"मागं गुलाबी काय हाये पण?" दुसऱ्या पक्षाने विचारलं.

भिकाबाईंनी मानेमागे हात नेला. घाईत राहून गेलेला रोलर तिथे होता. त्यांनी तो सोडला. सगळ्यांत जास्त वेळ गुंडाळलेली ती एकच बट खांद्यावर उतरली, गोल, भरीव, कुठेही न मोडलेली. करुणाने दोन्ही हात तोंडावर ठेवले. टाळ्या पडल्या, आणि सरपंचांच्या वेळेपेक्षा जास्त पडल्या.

रत्नपाल सरांनी माईक परत घेतला. "मावशी, तुमचं ऋण शाळा फेडू शकत नाही. पण आज काही मागा. जे मागाल ते."

सरपंच खुर्चीत सावरून बसले.

भिकाबाईंनी मुठीतला स्पंज एकदा दाबून पाहिला.

"तुमाला न्हाई सर, करुणाला मागते. करुणे, हे एक ठिऊन घेऊ का? घरची कढई लई करपली हाये."