थुंकीतलं जनुक

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर जनुकगुरू काचेची नळी उंच धरून सांगत होते, "पुरुषाला पुरुष आवडतो, बाईला बाई आवडते, हे एका जनुकाचं काम. सात पिढ्या फुकट बिऱ्हाड थाटून बसलेला भाडेकरू. थुंकीत सापडतो, साधनेनं निघतो."

नळीत निळं पाणी होतं. त्यात थुंकायचं, नळी मुठीत धरून शंभर आकडे मोजायचे. निळं उडालं की जनुक पकडलं. मग एकवीस दिवस साधना. शेवटी शुद्धिजल तोंडात घोळवून त्याच्यासकट पुन्हा थुंकायचं. निळं टिकलं की माणूस मोकळा.

तिसऱ्या रांगेत आत्या बसली होती, शेजारी तिचा दादा. व्यासपीठावर दादाचा मुलगा, तिचा भाचा, उभा होता, मान खाली घालून. तीन आठवड्यांपूर्वी त्याचं निळं उडालं होतं. आज टिकलं तर लग्नाची तारीख ठरणार होती. मुलीचे वडील मागच्याच रांगेत होते.

भाचा थुंकला. निळं टिकलं. टाळ्या पडल्या.

"बघितलंस?" दादा म्हणाला. "विज्ञान आहे हे. तुझाच प्रांत."

"म्हणून तर उठतेय."

आत्या कापड कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. कापडाला लावलेली पिठाची खळ निघाली का, हे ती रोज आयोडीनच्या थेंबानं बघायची. खळ उरली असेल तर डाग निळा. तो निळा रंग तिनं झोपेतही ओळखला असता.

ती वर गेली. "माझीही परीक्षा घ्या."

"ताई, तुम्हाला काय गरज?"

"खानदान एकच आहे."

ती थुंकली, शंभर मोजले. निळं गायब.

"तुमच्यातही आहे," गुरू गंभीरपणे म्हणाले.

"असेल. आता शुद्धिजल द्या." तिनं ते घोळवून दुसऱ्या नळीत थुंकलं. निळं जागच्या जागी. "एकवीस दिवसांचं काम शंभर आकड्यांत झालं. आता तुम्ही थुंका."

गुरूंचा हात आधी शुद्धिजलाच्या बाटलीकडे गेला.

"ते नको. नुसतंच."

"आज माझं मौन आहे," गुरू माइकवरून म्हणाले.

तेवढ्यात मुलीचे वडील वर आले आणि नळीत थुंकले. त्यांचंही निळं उडालं. ते नळीकडे बघत राहिले. सभागृहात हशा पिकला.

"घाबरू नका," आत्या त्यांना म्हणाली. "हे पिठाचं पाणी आहे, वर आयोडीन. थुंकी पीठ पचवते, म्हणून निळं जातं. तुमचं, माझं, सगळ्यांचं. शुद्धिजल म्हणजे व्हिनेगर. आंबटात थुंकीचं ते काम बंद पडतं."

दादा खाली उभा होता. "म्हणजे जनुकाची गोष्टच खोटी?"

"जनुकांचा वाटा आहे, दादा. पण एकाचा नाही. कितीतरी जनुकांचा, प्रत्येकाचा चिमूटभर, आणि त्याशिवाय इतर गोष्टी. कोणाला कोण आवडेल हे त्यावरून कुठलीच प्रयोगशाळा सांगू शकत नाही. आणि रोगच नाही, तर औषध कसलं?"

"मग खात्री कशी करायची?"

भाचा पहिल्यांदाच बोलला. "बाबा, मला पुरुष आवडतात, लग्न नको, हे मी सांगितलं होतं. जेवताना. तुम्ही ताटावरून उठलात."

दादा पायऱ्या चढून व्यासपीठावर आला.

"नळीला विचारण्याआधी माणसाला विचारावं," आत्या म्हणाली. "आणि त्यानं सांगितलेलं ऐकावं. एवढी अक्कल प्रत्येकाच्या घरात असते."

दादा मुलीच्या वडिलांकडे वळला. "हे लग्न होणार नाही," तो म्हणाला. "माझा मुलगा नाही म्हणाला होता. मीच ऐकलं नव्हतं."