रविवारचं पाणी

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या या गावात मला भाड्याचं घर मिळालं, तेव्हा आधीच्या भाडेकरूने अंगणात गाड्या उभ्या करून जमीन दगडासारखी केली होती. घरमालक थेन आमच्याच चर्चचा; तिथे सगळे एकमेकांना सिस्टर-ब्रदर म्हणतात. तो म्हणाला, "सिस्टर ऑर्डिस, मे अखेर हिरवळ धरली तर राहा पुढचं वर्ष. नाहीतर खडी पसरतो आणि घर विकून टाकतो."

मला राहायचं होतं. माझे यजमान याच गल्लीच्या टोकाच्या दफनभूमीत पुरलेत.

पहाटेची प्रार्थना आणि शास्त्राचं एक पान झालं की मी जमीन उकरायची. मग मेंढीखत, बी, वर गोणपाट. दुष्काळात अंगणाला नळाचं पाणी घालायला बंदी, म्हणून भांडी विसळलेलं पाणी झारीने शिंपडायची. पण खोल ओल यायची ती पाटाच्या पाण्यानेच, आणि आमची पाळी आठवड्यातून एकदाच, रविवारी दहाला. नेमकी तेव्हाच चर्चची सभा. रविवारी काम नाही आणि सभा चुकवायची नाही, हा नेम मी चाळीस वर्षं पाळलेला.

शेजारचे लव्हेल कुंपणावर रेलून हसले. "बैल खड्ड्यात पडला तर रविवारीही काढावा, असं शास्त्रातच लिहिलंय की."

"तो बैल, ब्रदर लव्हेल. हे गवत आहे."

"मग त्याला म्हणावं, सोमवारपर्यंत दम धर."

पाणी सोडायला पाटाची फळी तुम्ही उचलाल का, असं मी त्यांना विचारणार होते. पण माझं पाप त्यांच्या गळ्यात कशाला?

शनिवारी गरम वारा सुटला. गोणपाटाखाली पांढरे कोंब माना टाकत होते. रविवारी चर्चचे कपडे घालून दारापर्यंत गेले, पिशवी खाली ठेवली आणि पाटाची फळी उचलली. पाणी सावकाश पसरलं. तासभर पायरीवर बसून मी देवाला सगळं सांगितलं.

माझी जागा तिसऱ्या बाकाच्या टोकाला. ती रिकामी दिसली की कुणीतरी चौकशीला येईल, म्हणून पाव भाजून ठेवला. काय उत्तर द्यायचं तेही ठरवलं होतं. सोमवारपर्यंत कुणी आलं नाही.

मंगळवारी लव्हेल कुंपणापाशी आले. "परवाचं भाषण फारच लांबलं, नाही का सिस्टर?"

"मी नव्हते."

"होय का?" म्हणाले, आणि कुत्र्याला हाक मारत निघून गेले.

मे अखेरीस थेन आला. वाकून गवतावरून हात फिरवला आणि म्हणाला, "राहा."

आत जाऊन मी गुडघे टेकले. आभार मानले, आणि माझी रिकामी जागा कुणाच्या लक्षातही आली नाही, हेही देवाला सांगितलं.