गोपालदादा प्रयोगशाळेत आला होता

काचेची पट्टी खिडकीकडे धरली की तिच्यावरचा राखाडी थर दिसे – साय धरावी तसा, अगदी पातळ – आणि शेजारची पट्टी मात्र स्वच्छ, जणू ती द्रावणात बुडालीच नव्हती. दोन्हीकडे कार्बनच्या त्याच नळ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या, साबणासारख्या रेणूंचं तेच आवरण ल्यालेल्या. फक्त एका काचेवर कामिनीनं आधी अमाइनचा लेप दिला होता, दुसरी तशीच ठेवली होती. आवरणाचा भार ऋण, अमाइनचा धन, म्हणून नळ्या तिथे चिकटल्या. नुसती काच पाण्यात स्वतःच ऋण, तिनं त्यांना दूर लोटलं... इतकं सोपं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

सकाळी दादा आला तेव्हा ती हीच पट्टी धूत होती. ब्राह्मणपुरीहून गोपाल शहाद्याला नेहमी येई, पण बहिणीच्या कॉलेजात, प्रयोगशाळेत पहिल्यांदाच. चपला दाराबाहेर काढून, टेबलाला हात न लावता उभा राहिला.

"हाई काय करी ऱ्हायनी तू? माले सांग ना."

"दादा, गुंतागुंतीचं आहे. नंतर सांगेन." – असं, पुस्तकी मराठीत. सहायक करणसिंग ऐकत होता म्हणून? की आता तीच सवय... परीक्षेला ट्रॅक्टरवरून नेताना हाच दादा म्हणायचा, धडा म्हन, मी ऐकस. आणि इंजिनाच्या आवाजावर ती ओरडून ओरडून म्हणायची, अणू, रेणू, बंध, आणि तो काही न कळता मान हलवत राहायचा.

तो दाराकडे वळला, चपला पायात सरकवल्या. मग म्हणाला, "बरं, तुमचं चालू द्या."

तुमचं.

दुपारी आईचा फोन आला. गोपालच्या मुलीचं, मयूरीचं लग्न ठरलं होतं.

"तो तुले इचाराले गयथा ना? मयूरीले आखो शिकनं शे, काय करू म्हने. घर उना आनि होकार दी टाका. म्हने, कामिनीले येळ नही."

त्यानं विचारलंच नाही – पण विचारायला आला होता, आणि मी पट्टी धुवून होईपर्यंत... नाही, पट्टी तर केव्हाच धुवून झाली होती. तरी मी नळाखाली हात धरून उभी होते.

तिनं दादाचा नंबर लावला. रिंग वाजत होती तोवर ती शब्द जुळवत राहिली – दादा, हा निर्णय घाईनं... नको. दादा, पोरले शिकू दे... किती वर्षांत हे ओठांवर आलं नव्हतं. प्रत्येक शब्द आधी पुस्तकी होऊन येई, मग तिला तो घरचा करावा लागे.

पलीकडून "हॅलो" आलं, परक्या माणसाला म्हणावं तसं. ती "दादा" म्हणाली, आणि पुढचं वाक्य कुठल्या भाषेत निघेल हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.