भट्टीवाला भैय्यालाल

बायको, कलावती, गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा देवीदास गोल बाजारात चहाची गाळणी घेत होता. घरातली जुनी फाटली होती. त्यानं गाळणी दुकानदाराला परत दिली आणि निघाला.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे आपापल्या घरी गेले, आणि एका संध्याकाळी त्याला आठवलं की गोष्ट अर्धीच राहिली.

कलावती एक लांबलचक परदेशी कादंबरी हिंदीतून वाचत होती. सात जाडजूड भाग. राजे, भुतं, पोलिसांचा तपास, आकाशातलं जहाज, सगळं एकातच. दुपारी वाचायची आणि संध्याकाळी भाजी निवडता निवडता नवऱ्याला सांगायची. परदेशी नावं जिभेवर बसत नाहीत म्हणून ती सरळ आपल्याकडची करून टाकायची.

"हे पुस्तक हाय का खिचडी?" तो म्हणायचा.

"खिचडी तं मांगून मांगून खाता. आयका चुपचाप."

त्याला काळजी एकाच माणसाची. राजासाठी लोखंड गाळणारा भैय्यालाल, नुसत्या धुराच्या रंगावरून भट्टी ओळखणारा. देवीदासचाही जन्म सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात भट्टीपाशीच गेलेला. गोष्टीच्या शेवटच्या संध्याकाळी भैय्यालाल नदीकाठी येऊन पोचला होता. मागं राजाचे शिपाई, पलीकडच्या काठावर बायको. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

"बाकीचं उद्या," म्हणत कलावती उठली. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

देवीदासनं आता, ती वाचत होती तो सातवा भाग काढला. बोट ठेवून ठेवून शेवटपर्यंत वाचला. भट्टीवाला सापडेना. मग त्यानं मुलीला विचारलं. ही पुस्तकं हिंदी शाळेत शिकलेल्या रुचितानंच आईला आणून दिली होती.

"तो भट्टीवाला कोन्त्या भागात हाय? नाव दुसरं असन त्याचं."

"पापा, इसमें कोई भट्टीवाला नहीं है."

"नीट पाय ना पोट्टी. नदीजवळ उभा हाय तो."

"मैंने सातों पढ़े हैं. नदी भी नहीं है." रुचिता म्हणाली, "मम्मी ने खुद जोड़ा होगा. आपके लिए."

"हव," देवीदास म्हणाला आणि पुस्तक कपाटात ठेवून आला.

आता संध्याकाळी भाजी तोच निवडतो. भैय्यालालला पाण्यात उतरवून पाहतो. पण त्याला पोहता येतं की नाही, काठावर डोंगा आहे की नाही, हे कलावतीनं कधी सांगितलंच नव्हतं. आपल्या मनानं काही ठरवावं, तर ती चूक काढेल असं वाटतं.

गाळणी अजून आणलेली नाही. भैय्यालालही अजून अलीकडच्याच काठावर आहे.