सेकंड शिफ्टची मालिका

मित्रांनो, मी एक जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आहे. मला लाकडी शटर आहे, चार बारीक पाय आहेत, आणि बटण फिरवलं की मी आधी खाकरतो, मग बोलतो. दौंडच्या एका दुकानाच्या काचेत मी काही महिने मिरवलो. मग गोधडीत गुंडाळून, जीपच्या टपावर बांधून मला कुरकुंभला आणलं, चांगुणाबाईंच्या खानावळीत. तिथेच माझं आयुष्य गेलं, आणि बरं गेलं.

जेवायला यायचे ते सगळे एमआयडीसीतले कामगार. साल ब्याण्णव-त्र्याण्णव असेल. मंगळवारी संध्याकाळच्या बातम्या संपल्या की माझ्यावर ‘जावक विभाग’ ही मालिका लागायची. एका सरकारी कचेरीची गोष्ट होती ती. चिडका हेडक्लार्क, टायपिस्ट कुसुम आणि शिपाई पांडबा. एकदा टाइपरायटरची फीत संपली. नवी हवी तर अर्ज टाइप करूनच द्यायचा, असा नियम. आता तो टाइप कशावर करायचा? आमची माणसं घास हातात धरून हसायची. "ह्यो तर आपल्या स्टोरवाल्याचा भाऊ हाय!" म्हणायची.

फर्स्ट आणि नाइटवाल्यांना मालिका बघता यायची. सेकंड शिफ्टवाले मात्र त्या वेळी कंपनीत असायचे. बुधवारी दुपारी ते कामावर जायच्या आधी जेवायला बसले, की चांगुणाबाई भाकरी थापता थापता त्यांना कालचा भाग सांगायच्या. शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कधी बघायचा भाग यायचा, कधी ऐकायचा.

काही वर्षं छान गेली. मग मालिकेला काय झालं कोण जाणे! कुसुम बदलली, एका मंगळवारी दुसरीच बाई तिच्या खुर्चीत येऊन बसली आणि कचेरीत कुणी विचारलंसुद्धा नाही, बाई तू कोण? हेडक्लार्कचा परदेशातून एक जुळा भाऊ आला. विनोद झाला की कुठूनतरी खोटं हसू ऐकू यायचं, न झाला तरी यायचं. सगळ्यात वाईट म्हणजे त्या कचेरीत कुणी कामच करेना. मला फार लाज वाटायची. दाखवणारा मीच ना!

तेव्हा संपत नावाचा एक हेल्पर वैतागून म्हणाला, "मावशी, माझं नशीबच फुटकं. मी बघतो तवा भाग भंगार, आन् मी सेकंडला असतो तवा लई भारी! टीव्हीला माझं तोंड आवडत न्हाई का काय?"

"जेव गुमान," चांगुणाबाई तव्याकडे बघत म्हणाल्या.

मला खरं ठाऊक होतं. पण मला कोण विचारतो?

त्याच सुमारास हायवेला नवी खानावळ निघाली. तिथे रंगीत टीव्ही होता. आमची माणसं चुळबुळ करायला लागली. ती गेली असती तर चांगुणाबाईंची चूल विझली असती, आणि त्यांच्या लेकीची, अंकिताची दौंडची शाळाही सुटली असती. बाई फक्त माझी काच दोनदा पुसायच्या.

शेवटी सेकंडवाल्यांनी हरिबांना पुढे केलं. ते प्लांटमधले सगळ्यांत जुने ऑपरेटर. "आप्पा, मंगळवारी तुमची सुट्टी हाय. तिकडं जेवून बघा. बरं असंल तर समदेच जाऊ."

बुधवारी दुपारी हरिबा परत आमच्याकडेच पाटावर बसले. चांगुणाबाई नेहमीसारखं सांगू लागल्या. "काल कचेरीत गोणीभर हातमोजे आले. सगळे डाव्या हाताचे! हेडक्लार्क म्हणतो, परत पाठवायचे न्हाईत, आजपासून सगळ्यांनी कामच डाव्या हातानं करायचं..."

माणसं हसून लोळत होती. हरिबा हसले नाहीत.

"बाई, काल मी तिकडं बघितलं. ह्यातलं काय बी नव्हतं. आन् हातमोजे तर माझ्या प्लांटला आल्ते. मीच तुम्हाला सांगितलंतं."

बाईंचे हात थांबले. संपतने विचारलं, "मग काय होतं आप्पा?"

"हेडक्लार्क बर्फात नाचत व्हता."

मग चांगुणाबाई हळूच म्हणाल्या, "आताशा सांगण्याजोगं काय नसतंय त्यात. तुम्ही कामाला निघालेली माणसं. तोंड पाडून कसं धाडू?"

"म्हंजी माझं नशीब बरं हाय!" संपत ओरडला. "भारी भाग ते समदे मावशीचेच!"

हरिबांनी ताट पुढे सारलं. "भाकरी जळतीया, ती उलटा आधी. आन् मला एवढं सांगा, पांडबानं डाव्या हातानं चहा दिला, तर सायबानं घेतला का न्हाई?"

कुणीही हायवेला गेलं नाही. उलट फर्स्ट आणि नाइटवाले भांडायला आले, "आम्ही काय पाप केलं?" मग दर मंगळवारी माझा आवाज बंद करायचे. चित्र माझं, बोलणं बाईंचं. हेडक्लार्क बर्फात नाचायचा आणि चांगुणाबाई सांगायच्या, "बघा, फाइल हरवली म्हणून कसा तडफडतोय!" माझ्यासमोर इतकं हसू कधीच झालं नव्हतं. तोंड बंद ठेवल्याबद्दल एवढं कौतुक कुणाच्या वाट्याला येतं?

मालिका पुढे कधीतरी संपली. कधी ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. अंकिता शिकून नोकरीला लागली. माझी पिक्चर ट्यूब गेली, तरी बाईंनी मला भंगारात दिलं नाही. त्यांचं सांगणं अजून चालू आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगतो, तुमच्या घरी कुणी कालची गोष्ट रंगवून सांगत असेल, तर ते माणूस जपा. आणि माझ्यासाठी काही करायचंच असेल, तर काच तेवढी पुसत जा. आत काही लागत नाही आता, पण दुपारच्या उजेडात तिच्यात चांगुणाबाई सांगताना दिसतात.