तांब्यासमोरचा आकडा

भावताईने ओल्या फडक्याने फळा पुसला आणि तांब्यासमोर किलोचा भाव आठशे चाळीसच्या जागी सहाशे चाळीस लिहिले. फळ्यावर खोटे लिहिण्याची तिची ही पहिलीच वेळ.

भंगाराच्या दुकानात ती वजन करी आणि दर महिन्याच्या एक तारखेला शेठ फोनवर सांगतील ते भाव फळ्यावर लिही. म्हणून सगळा बाजार तिला भावताई म्हणे. वर्षभरात बाकीच्या धातूंनी फारसा त्रास दिला नव्हता. ॲल्युमिनियम दोन महिने चढले आणि तिसऱ्या महिन्यात मुकाट्याने उतरले. जस्त आणि शिसे म्हणजे तर गरीब गायी. तांब्याला मात्र पंख फुटले होते. ते सातशेला पोहोचले त्याच महिन्यात तिचा धाकटा भाऊ पहिल्यांदा पोते घेऊन दारात उभा राहिला.

भाऊ बाजारामागच्या कारखान्यात वायरमन होता. कारखाना बंद पडला, नोकरी गेली, आता तिथल्याच बंद लाइनीची तार तो कापून आणत होता. दर महिन्याला भाव चढे आणि भावताईची भीती वाढे. भावच पडला तर हा खांबावर कशाला चढेल, असा तिने सरळ हिशेब केला. शेठनी विचारले तर आठाचा चुकून सहा झाला म्हणायचे, हेही तिने ठरवून ठेवले होते.

भाऊ आला, फळ्यासमोर थांबला.

"एवढं पडलं?"

"पडलं. आता काही परवडायचं नाही. दुसरं काम बघ."

"घरी लागतात तेवढे पैसे लागणारच ना, ताई. भाव पडला म्हणजे जास्त आणायचं." तो पाठ वळवून सायकलकडे निघाला. "बंद लाइनीतलं संपलंय. बाजाराची लाइन तिथूनच जाते. रोज दुपारी लाइट जाते, तेवढ्यात कापतो."

भावताईला आत्ता खरा हिशेब लागला. भाव चढत गेला तसे त्याचे पोते दर महिन्याला हलके होत गेले होते. वजन तिनेच केले होते, पावतीही तिनेच फाडली होती. भीतीपोटी तिला आकडेच दिसले नव्हते.

"अरे, खोटं लिहिलंय मी. आठशे चाळीस आहे!"

भाऊ हसला. "मला अडवायला आता भाव वाढवतेस? तुझा फळा कधी खोटं बोलत नाही, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे."

तिने सायकलचे कॅरियर धरले. त्याने लहानपणी सोडवी तशी तिची बोटे हळूच सोडवली आणि तो गेला. नंतर तिने चारदा फोन लावला, चारही वेळा बंद लागला.

दुपारी दुकानातला पंखा फिरता फिरता मंदावला आणि थांबला. शेजारच्या शिंप्याने मशीनवरून मान वर केली.

"गेली वाटतं लाइट. येईल दहा मिनिटांत."

भावताईने चपलाही घातल्या नाहीत. इतक्यात येऊ नको, येऊ नको गं बाई, असे पुटपुटत ती भर उन्हात कारखान्याच्या रस्त्याने धावत सुटली.